तहान आधी भागते, पाणी मागून पोहोचतं

उन्हातून आलेला माणूस. ग्लास तोंडाला लावतो आणि घटाघटा रिकामा करतो. मनगटाने ओठ पुसतो. हुश्श! तहान भागली.

पण ते पाणी आत्ता आहे कुठे? पोटात. आतड्यातून रक्तात उतरायला त्याला अजून दहा-पंधरा मिनिटं तरी लागतील. म्हणजे रक्त अजून तसंच दाट आहे आणि तहान मात्र गेली. झालं असं, की घोट मोजून तोंडाने आणि घशाने मेंदूला वर्दी दिली, 'पाणी येतंय'. मेंदूने त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला.

हा हिशेब ठेवणारा भाग मेंदूच्या तळाशी असतो. त्याचं नाव हायपोथॅलॅमस. आकाराने बदामाएवढा, पण नजर मोठी करडी. रक्तातल्या क्षारांचं प्रमाण एक-दोन टक्क्यांनी वाढलं तरी त्याला कळतं. तहान लागल्यावर विहीर खणायची शरीराची रीत नाही. आपल्याला कोरड जाणवेपर्यंत मूत्रपिंडांकडे निरोप गेलेला असतो: पाणी जपून वापरा.

आणि मूत्रपिंडं ते जपतात. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे 180 लीटर द्रव गाळतात. अंगात रक्तद्रव जेमतेम तीन लीटर, म्हणजे तोच दिवसात साठेक वेळा गाळला जातो! त्यातलं दीड-दोन लीटर लघवी म्हणून बाहेर जातं, बाकी सगळं परत रक्तात. पेशींच्या भिंतीतून पाणी नेमकं कसं सरकतं, हे कोडं बरीच वर्षं होतं. पीटर अ‍ॅग्रे यांना त्या भिंतीतल्या पाण्याच्या वाटा सापडल्या आणि 2003 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पाणी कमी पडलं की लघवी गडद पिवळी होते. त्या दाट लघवीत क्षारांचे कण एकमेकांना चिकटतात. आधी वाळूएवढे, मग खड्याएवढे. मुतखड्याची कळ ज्याने सोसली आहे, त्याला पाण्याचं महत्त्व पटवावं लागत नाही. इटलीत एकदा खडा होऊन गेलेल्या रुग्णांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं. भरपूर पाणी पिणाऱ्यांत सुमारे 12 टक्के लोकांना पुन्हा खडा झाला, नेहमीसारखं पिणाऱ्यांत 27 टक्के. लघवीचा जंतुसंसर्ग वारंवार होणाऱ्या, पाणी कमी पिणाऱ्या बायकांनाही असाच फायदा दिसला. रोज दीड लीटर जादा पाणी, आणि वर्षभरात त्रास जवळपास निम्म्यावर.

बाकी फायदे आपल्याला ठाऊकच असतात: घाम येऊन अंग थंड राहणं, पोट साफ होणं, डोकं ताळ्यावर राहणं. त्वचेवर तेज येतं, विषद्रव्यं धुऊन निघतात वगैरे जे ऐकू येतं, त्याला मात्र फारसा आधार नाही. ती धुलाई मूत्रपिंडं न सांगता करत असतात.

मग दिवसाला आठ ग्लास? 1945 साली अमेरिकेतल्या एका आहार मंडळाने अडीच लीटरचा आकडा दिला होता. त्यालाच जोडून पुढे एक वाक्य होतं, की यातलं बरंचसं पाणी अन्नातूनच मिळतं. आकडा लोकांच्या तोंडी बसला, ते वाक्य गळून पडलं. चहा-कॉफीतलं पाणीही यात धरायचं असतं. आकड्यापेक्षा लघवीचा रंग बघणं सोपं. फिकट पिवळा असला, की बहुतेकांचं ठीक चाललंय.

उलटी बाजूही आहे. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं, तर 13 टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी निघालं, मुख्यतः वाटेत पाणी आणि पेयं जास्त प्यायल्यामुळे. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल, तर किती प्यायचं ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

आता ही खोली. खाटेशेजारी स्टूल, स्टुलावर सकाळी भरून ठेवलेला ग्लास. संध्याकाळ झाली तरी तसाच, काठोकाठ. आजी म्हणतात, "तहानच लागली नाही गं." त्या टाळाटाळ करत नाहीयेत. वय वाढलं की तहानेची ती वर्दीच मंद होते. अंगात पाणी कमी असतं, पण आतून कुणी हाक मारत नाही.

नात काही विचारत नाही, ग्लास हातात देते. आजी आढेवेढे घेत एक घोट पितात. मग दुसरा. मग ग्लास खाली ठेवायचं विसरूनच जातात.