बोलपटाचा अबोल नायक

'मॅजेस्टिक' म्हटले की मराठी वाचकाला आधी पुस्तके आठवतात. परंतु गिरगावात त्याच नावाचे एक चित्रपटगृह होते आणि १४ मार्च १९३१ रोजी तेथे 'आलम आरा' हा भारतातील पहिला बोलपट झळकला. गर्दी आवरण्यासाठी पोलिसांना बोलवावे लागले. चित्रातली माणसे बोलतात कशी, हे ऐकायला शहर लोटले होते. आणि या बोलपटाचे नायक मास्टर विठ्ठल मात्र कथेच्या बऱ्याच भागात शुद्धीवरच नव्हते.

विठ्ठल घडले ते कोल्हापुरात. लहानपणी रंगभूमीवर कामे केल्यानंतर ते बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दाखल झाले, तेथे संकलनाचे काम करू लागले आणि पडद्यावर प्रथम आले ते 'कल्याण खजिना' या मूकपटात, तेही नर्तकीच्या वेषात. पुढे मुंबईच्या शारदा कंपनीने त्यांना नायक केले. तलवारबाजी, झेपा, मारामाऱ्या यांनी भरलेल्या साहसपटांत त्यांचे शरीरच सगळे बोलत असे. त्यामुळे डग्लस फेअरबँक्स या अमेरिकी नटाशी त्यांची तुलना होऊ लागली. मूकपटाच्या प्रेक्षकाला नायकाचा आवाज ठाऊक नसे, आणि त्यावाचून त्याचे काही अडतही नसे.

म्हणूनच इम्पीरियल कंपनीच्या अर्देशिर इराणी यांनी बोलपटासाठी विठ्ठल यांना बोलावले, तेव्हा त्यांनी ही संधी घेतली. शारदाशी केलेला करार मात्र अद्याप संपलेला नव्हता. प्रकरण न्यायालयात गेले. विठ्ठल यांची बाजू बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी मांडली आणि निकाल विठ्ठल यांच्या बाजूने लागला.

एवढा खटाटोप करून आणलेल्या नायकाची अडचण चित्रीकरणाच्या वेळी पुढे आली. संवाद होते हिंदुस्थानीत, उर्दूच्या वळणाचे, आणि ती भाषा विठ्ठल यांच्या जिभेवर नीट बसेना. आज दुसऱ्याचा आवाज देऊन वेळ मारून नेता येते. तेव्हा मात्र आवाज आणि चित्र यांचे मुद्रण एकाच वेळी होत असे. केनेडी पुलाजवळचा स्टुडिओ रेल्वेमार्गाला लागून असल्याने, गाड्यांची ये-जा थांबल्यावर, मध्यरात्रीनंतरच काम करावे लागे. अशा परिस्थितीत इराणींनी सोपा मार्ग काढला: नायकाला ग्लानीत ठेवले. झुबेदा बोलल्या, पृथ्वीराज कपूर बोलले, फकिराच्या भूमिकेतील वझीर महंमद खान गायले. विठ्ठल यांच्या वाट्याला मौन आले. हा अन्याय होता असे म्हणवत नाही, पण ज्या माणसाचे भांडवल चपळाई हेच होते त्याला निपचित पडून राहायला लावणे, ही थट्टा जरा जास्तच झाली.

हिंदी बोलपटांत त्यांनी आणखी काही वर्षे कामे केली. १९३३ च्या 'आवारा शहजादा'मध्ये तर दुहेरी भूमिका केली. मूकपटांच्या काळातला दबदबा मात्र परतला नाही. पुढे ते मराठीकडे वळले. तेथे भाषा घरचीच होती, त्यामुळे भालजी पेंढारकरांच्या ऐतिहासिक चित्रपटांत तलवारीबरोबर संवादही त्यांच्या हाती आले.

१९६९ मध्ये त्यांचे निधन झाले. 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही; उरली आहेत ती काही छायाचित्रे आणि जाहिराती, ज्यांत झुबेदा आणि पृथ्वीराजही विठ्ठल यांच्याइतकेच गप्प आहेत.