झोप येते का जी, काकाजी?

कापसाची वेचणी सुरू आहे. भर दुपारी गावात म्हातारी माणसं आणि लेकरं तेवढी घरी. गावची आरोग्य कार्यकर्ती, आशाताई, मुद्दाम याच वेळी येते. शेजारच्या छपरीत कान देऊन बसलेलं आता कुणी नसतं.

"काकाजी, झोप येते का जी रात्री?"

"येते. पण तीन वाजताच डोळा उघडते. मंग कर्जाचंच चालू रायते डोक्यात."

ती लगेच वही उघडत नाही. जेवण जातं का, वावरात जावंसं वाटतं का, विचारत राहते. मग थेट विचारते, "जीव द्यावा असं येते का मनात?"

असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती शिकलेल्यांनाही वाटते. ती खरी नाही. उलट, कुणीतरी विचारलं याचाच आधार वाटतो. उत्तर 'हो' आलं, तर माणसाला एकटं सोडायचं नाही, फवारणीचं औषध घरातून हलवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. मरणाची ती ऊर्मी अनेकदा ओसरते. तेवढा वेळ हाती यावा लागतो.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' कार्यक्रमाने गावातल्याच कार्यकर्त्यांना असं बोलायला शिकवलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. ही मोठी झेप आहे. तरी चौघांतले जवळपास तिघं बाहेरच राहिले, हेही विसरून चालणार नाही.

गोळीने झोप येईल, सावकाराचा तगादा थांबणार नाही. म्हणून पीककर्जाचं पुनर्गठन, पीकविमा, निराधार योजनेचा अर्ज ही कामंही उपचाराइतकीच निकडीची. आणि गोळ्या तालुक्याच्या दवाखान्यातच मिळाल्या पाहिजेत. दर महिन्याला जिल्ह्याला जायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी. उपचार सुटतात ते बरेचदा इथंच.

घरच्यांनी परस्पर ठरवून माणसाला गाडीत घालायचं, हेही थांबायला हवं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा हक्क ठरवला. आपल्या वतीने कुणी बोलावं, हे आधीच ठरवून ठेवायची मुभाही त्यात आहे. काकाजींनी धाकट्या भावाचं नाव सांगितलं, मुलाचं नाही. ताईने कारण विचारलं नाही.

टेली मानस, मनाच्या आरोग्यासाठी सरकारची फोन मदतवाहिनी, क्रमांक १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीत.