मस्ट नॉट लिहिण्याआधी हा व्हिडिओ बघाच!

नमस्कार मंडळी, इंदूरहून! मोडल व्हर्ब्सवर व्हिडिओ हवा अशा कमेंट्स कधीच्या येतायत, तर आज होऊनच जाऊ दे.

मोडल व्हर्ब्स म्हणजे शक्यता, परवानगी, सक्ती असं काही सांगणारी सहायक क्रियापदं: कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट. यांना एस लागत नाही, पुढे टू येत नाही. ही कॅन स्विम. हे शाळेत झालंय, पुढे चला.

खरा घोळ मस्टचा आहे. यू मस्ट कम, यू हॅव टू कम, दोन्हींत यायलाच हवं. म्हणून नॉट लावलं तरी अर्थ एकच राहील, असं वाटतं. नाही हो! यू मस्ट नॉट कम म्हणजे येऊ नकोस. यू डोन्ट हॅव टू कम म्हणजे यायची गरज नाही, आलास तर आनंदच.

राजेंद्रनगरच्या एका काकूंनी हळदीकुंकवाला नव्या शेजारणीला मेसेज केला, यू मस्ट नॉट ब्रिंग एनीथिंग. मनात होतं, 'काही आणायला नको हं.' तिला वाटलं, आपल्याला दटावलंय! आग्रहाच्या आमंत्रणाचा असा हुकूम झालेला बघून मला फार वाईट वाटतं.

औषधाचं घ्या. यू मस्ट नॉट टेक इट विथ मिल्क, म्हणजे दुधाबरोबर घ्यायचंच नाही. यू डोन्ट हॅव टू टेक इट विथ मिल्क, म्हणजे दूध घेतलं काय, पाणी घेतलं काय, चालेल. इथे गल्लत परवडणार नाही.

एका दादांनी विचारलंय, 'सराफा मस्ट बी क्राउडेड, यात सक्ती कुठे आहे?' छान प्रश्न! सक्ती नाहीच, हा अंदाज आहे. रात्रीचे दहा वाजलेत, म्हणजे सराफ्यात, आमच्या इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, गर्दी असणारच. याचा नकार मात्र कान्ट. सकाळी सहाला सराफा कान्ट बी क्राउडेड. अमेरिकन बोलण्यात इथे मस्ट नॉट बीसुद्धा ऐकू येतं, पण तुम्ही कान्ट वापरा, गोंधळ होणार नाही.

आणि भूतकाळात तर मस्टच्या दोन वाटा होतात, हे लिहूनच घ्या. सराफ्यात जागा नव्हती, भुट्ट्याचा कीस उभ्यानेच खावा लागला: वी हॅड टू ईट स्टँडिंग. तेच दे मस्ट हॅव ईटन स्टँडिंग म्हटलंत, तर त्यांनी उभ्याने खाल्लं असणार, हा तुमचा तर्क झाला.