खेळू देऊ की नको?

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या आठवड्यात आमच्या शेजारीणबाई मुलीला घेऊन आल्या. मुलगी एफ.वाय. बी.एस्सी.ला, कॉलेजच्या खो-खो संघात नुकतीच निवड झालेली. "ताई, तुम्ही खेळलायत. सांगा, हिला खेळू देऊ की नको?" मी चहा टाकायला उठले आणि माझा गुडघा कटकन वाजला. मुलीला हसू फुटलं. आईला नाही.

मी तीन वर्षं खेळले. पहाटे साडेपाचला मैदान, दवाने ओली माती आणि खांबावर सूर. कोपराची साल बरी व्हायच्या आत पुन्हा निघायची. पाटीवर बसलं की सगळं लक्ष पाठीत येतं. खो बसला की त्या क्षणी उठायचं, विचार करत बसायचं नाही. मी तालुक्याबाहेर पहिल्यांदा एकटी गेले तीही या खेळामुळेच, रेल्वेच्या डब्यात वर्तमानपत्र अंथरून झोपत.

पण विद्यापीठाच्या संघात गेले आणि हिशेब बदलला. आधी सराव शिबिर, मग आंतरविद्यापीठ स्पर्धा, त्यात प्रवास. परतले तर कमी हजेरीवाल्यांच्या डिफॉल्टर यादीत माझं नाव वरून दुसरं. लेक्चर मैत्रिणीच्या वहीतून उतरवता येतं हो, लॅबमधलं टायट्रेशन नाही येत. आमच्या एका मॅडमनी परवानगी दिली आणि लॅबच्या मामांनी शनिवारी दुपारी कुलूप उघडलं, म्हणून जर्नल पुरं झालं. गुडघ्याच्या नशिबी मात्र कुणी मामा नव्हते. तो दुखावला तेव्हा कॉलेजकडे होता एक स्प्रे आणि एक क्रेप बँडेज.

नोकरीचं म्हणाल, तर आपल्या राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण त्याला ठरावीक स्पर्धांमधलं पदक लागतं, प्रमाणपत्राची पडताळणी होते. नुसता कॉलेजचा टी-शर्ट तिथे चालत नाही. त्या आशेवर मुलीला मैदानात धाडू नका, असं मी बाईंना स्पष्टच सांगितलं.

खाशाबा जाधवांचं नाव तुम्ही ऐकलेलंच असेल. १९५२, हेलसिंकी, कुस्तीतलं कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले होते आणि त्यांना हेलसिंकीला पाठवायला तिथल्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. मला त्या गोष्टीत पदकाआधी ते घर आठवतं. म्हणून मी मुलीला एवढंच विचारलं, "बुडालेलं प्रॅक्टिकल पुन्हा घेऊ देणारं कुणी आहे का तुमच्याकडे? आणि पाय मुरगळला तर दवाखान्यात कोण नेणार?" तिला माहीत नव्हतं. उद्या जिमखान्यात जाऊन विचारते म्हणाली.

चहा निवून गेला होता. बाई उठल्या, मुलगी मात्र दारातच थबकली. "मावशी, सूर मारताना गुडघा कसा वाचवायचा?"

मी टीपॉय भिंतीकडे सरकवला.