सीपीसी वाचायचं कसं: कलमं, ऑर्डर आणि आपला गोवा

सीपीसी म्हणजे दिवाणी दाव्यांच्या कामकाजाची संहिता, ती उघडली की आधी 158 कलमं आणि मग पहिल्या परिशिष्टात 51 ऑर्डर, म्हणजे नियमांची प्रकरणं, बहुतेक ज्युनियर वकील इथेच बिचकतात, पण ही दोन भागांची मांडणी डोक्यात बसली ना की अर्धं काम झालं असं मी सगळ्यांना सांगते. पहिलं कोड 1859 चं, मग 1877, मग 1882, आणि त्या 1882 च्या कोडात सहाशेहून जास्त कलमं, सगळी एकाच रांगेत, म्हणजे समन्स कसं बजावायचं एवढी बारीक गोष्ट बदलायची तरी कायदाच दुरुस्त करायचा. 1908 ला हे बदललं. कोर्टाचा अधिकार, रेस ज्युडिकाटा (एकदा निकाल लागलेला वाद पुन्हा उकरता येत नाही तो नियम), अपील हा गाभा कलमांत राहिला, रोजचं कामकाज ऑर्डरांमधल्या नियमांत गेलं आणि कलम 122 ने ते नियम बदलायचा अधिकार हायकोर्टांना मिळाला, फक्त कलमांच्या विरोधात जाता येत नाही. म्हणून नुसतं मूळ पुस्तक वाचून म्हापशाच्या कोर्टात उभे राहू नका, मुंबई हायकोर्टाच्या दुरुस्त्या शेजारी ठेवा.

आता नंबरांचं बघा. 1976 च्या मोठ्या दुरुस्तीत कॅव्हेट, म्हणजे ‘मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका’ असा आधीच दिलेला अर्ज, आलं तेव्हा त्याला 148ए दिलं, पुढचे आकडे हलवले नाहीत, कारण ते हलवले असते तर जुने निकाल शोधणं मुश्कील झालं असतं. कलम 89 तर 1940 च्या लवाद कायद्याने काढून टाकलेलं, ती जागा कितीतरी वर्षं रिकामी, आणि 1999 च्या दुरुस्तीने तिथे मध्यस्थी, लोकअदालत वगैरे बसवलं, लागू झालं 2002 मध्ये.

समजा माडांच्या बागेच्या हद्दीवरून दावा लागलाय. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, द्यायची, ऑर्डर 8 नियम 1, कोर्टाने कारण नोंदवलं तर 90 पर्यंत, आणि 2005 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अगदी अपवाद म्हणून त्यापुढेही घेता येईल. पण तोच दावा व्यापारी स्वरूपाचा असेल तर 2015 च्या कमर्शियल कोर्ट्स कायद्यामुळे 120 दिवसांनंतर दार बंद. नियम एकच, नंबर एकच, मजकूर मात्र दाव्याप्रमाणे वेगळा! मला विचाराल तर साध्या दाव्यांनाही असाच लगाम हवा, तारखांपायी माणसं म्हातारी होतात हो.

आणि आपल्याकडे हे कोडच उशिरा आलं. 1961 ला गोवा मुक्त झाला तरी 1939 चं पोर्तुगीज प्रक्रिया कोड चालूच होतं, 1965 च्या कायद्याने सीपीसी इकडे लागू केलं, पण वारसांमधल्या वाटपाची कोर्टातली प्रक्रिया, म्हणजे इन्व्हेंटरी, जुन्याच कोडाप्रमाणे चालत राहिली, कारण सीपीसीत तिला जोडच नाही. तो भाग गोव्याच्या 2012 च्या वारसा कायद्यात आला आणि लागू झाला 2016 ला. त्यामुळे वाटपाची जुनी फाईल हातात आली की आधी तिचं साल बघा, त्यातले आदेश पोर्तुगीज कलमांवर असतील आणि ती तुम्हाला सीपीसीत कुठेच सापडणार नाहीत.