वरच्या मजल्याचा काय दोष?

नमस्कार मंडळी. विषय फलकावर आहेच: 'टाइल लावण्याआधी बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीचं इन्सुलेशन'. रविवारी सकाळी हे ऐकायला आलात, म्हणजे एकतर घरी काम निघालंय किंवा घरच्यांनीच तुम्हाला बाहेर काढलंय.

आमचा फ्लॅट कर्वेनगरला. बाथरूमची पश्चिमेची भिंत बाहेरची. टाइल सात फुटांपर्यंत, त्यावर बीम. दर डिसेंबरला बीमवर ओलीची सरळ रेघ उमटायची आणि संक्रांतीपर्यंत तिची काळी बुरशी व्हायची. वरून गळतंय, दुसरं काय! गेले वरच्यांकडे. त्यांनी बिचाऱ्यांनी फरशी उखडली, वॉटरप्रूफिंग केलं, चार दिवस पाणी तुंबवून पाहिलं. पुढच्या डिसेंबरला रेघ हजर. मग मी सोसायटीच्या सभेत बोलले. काय बोलले ते इतिवृत्तात आहे, इथे नको. जिन्यात समोरासमोर आलो की ते मोबाइलमध्ये बघायचे, मी कुंड्यांकडे.

आणि मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली बाई! ताकाच्या गार भांड्याला बाहेरून पाणी का सुटतं, हा माझा ठरलेला दोन गुणांचा प्रश्न. डोक्यात प्रकाश पडला तो जुलैत. बाहेर धो धो पाऊस, वरच्यांच्या रोज आंघोळी, आणि बीम ठणठणीत कोरडा. गळती काय पंचांग बघून होते? बीम काँक्रीटचा, विटेपेक्षा त्यातून उष्णता साधारण दुप्पट जाते. जानेवारीत पहाटे पुण्याचा पारा दहाच्या खाली, आणि आमचे हे खिडकी गच्च लावून कढत पाण्याने अर्धा तास आंघोळ करणार. हवा 25 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असली, की 21 अंशांच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. (वाड्यांच्या जाड भिंतींचं गुणगान आज नको, त्यात तासभर जातो.)

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं राहिलीत. तर मुद्दा.

आधी बाहेरच्या भेगा बुजवा. पावसाने भिजणारी भिंत आतून झाकली तर ओल कोंडते. शंका असेल तर भिंतीवर प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी टेपने चिकटवा. दोन दिवसांनी थेंब प्लास्टिकच्या खोलीकडच्या अंगाला दिसले तर ते दव, मागे दिसले तर भिंतच ओली. जुन्या टाइल काढून गिलावा सपाट करा आणि एक इंची एक्सपीएस शीट (थर्माकोलच्याच जातीचा, पण जास्त घट्ट फोम) लावा. तेवढीशी शीट उष्णता अडवायला दोन फूट विटेच्या भिंतीच्या तोडीची असते. मागे पोकळी नको, सांधे टेपने बंद, नाहीतर वाफ मागे शिरून तिथेच पाणी धरेल. बीमही झाका, नाहीतर माझी रेघ तुमच्याकडे. शीटवर सिमेंट बोर्ड, त्याचे स्क्रू थेट भिंतीत. मग वॉटरप्रूफिंगचा लेप, मग अॅडहेसिव्हने टाइल. मिस्त्री सिमेंट-वाळूच बरी म्हणेल. मान डोलवा, ऐकू नका. भिंत दीडेक इंच पुढे येईल, म्हणून नळाचं एक्स्टेन्शन आधीच आणून ठेवा. एक्झॉस्ट फॅन तरीही लागेलच.

बरं, उठते. प्रश्न चहाच्या वेळी विचारा. फक्त फरशी उखडायला किती खर्च आला ते विचारू नका. पहिल्या रांगेतले उजवीकडून तिसरे गृहस्थ आमच्या वरच राहतात.