क्ल्युनन: स्केट्स घालून जमिनीवर चालायचं डच क्रियापद

गोठलेल्या कालव्यावरून सुसाट येणारा हा माणूस बघा, पूल जवळ आला की वेग कमी करतो, काठावर चढतो आणि स्केट्स न काढताच पात्यांवर तोल सावरत खुडुखुडु चालत पुलापलीकडे जाऊन परत बर्फावर उतरतो. एवढ्याशा चालण्यासाठी डच लोकांकडे वेगळं क्रियापद आहे, क्ल्युनन. मला तर ही भाषा आवडायला एवढं कारण पुरेसं आहे!

पुलाखाली बर्फ पातळ असतो, कारण वर छप्पर असल्यासारखं असतं, पाणी नीट गार होत नाही, वाहतं असेल तर अजूनच कमी गोठतं. म्हणून काठावर चढून चालायचं, आणि पात्यांची धार जाऊ नये म्हणून वाटेवर गालिचे, चटया टाकतात.

शब्द मूळचा डच नाही, तो आला नेदरलँड्सच्या उत्तरेच्या फ्रीसलँड प्रांतातून, तिथल्या फ्रिजियन भाषेतून. तिथेच होते एल्फस्टेडनटोख्त, म्हणजे अकरा शहरांची शर्यत, एका दिवसात जवळपास 200 किलोमीटर स्केटिंग. पहिली अधिकृत शर्यत 1909 ची. 1963 नंतर थेट 1985 ला झाली, मध्ये 22 वर्षं पुरेसा बर्फच नाही, आणि 1985 ला अख्खा देश टीव्हीसमोर बसला तेव्हा हा फ्रिजियन शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला.

आता रूपं. उच्चार आधी, जीभ 'ई' ची ठेवा आणि ओठ 'ऊ' चे करा, तो स्वर. मी चालतो म्हणजे 'इक क्ल्यून', तू चालतोस 'यै क्ल्यून्त', आम्ही चालतो 'वै क्ल्युनन'. भूतकाळ 'क्ल्यूनद'. इथे शेवटी द का, त का नाही? धातूच्या शेवटी त, क, फ, स, ख, प यातलं काही असेल तरच त लागतो, डच मुलं हे ''त कोफस्खिप' या जहाजाच्या एका प्रकाराच्या नावावरून पाठ करतात, आणि आपल्या धातूच्या शेवटी न आहे. 'चालून झालंय' साठी 'खक्ल्यून्त', लिहिताना शेवटी द पण ऐकू येतो त. नुसतं चाललो असेल तर सोबत 'हेबन' हे सहायक क्रियापद, अमुक ठिकाणी चालत पोचलो असेल तर 'झैन', म्हणजे 'इक बेन' असं.

शेवटची शर्यत 4 जानेवारी 1997 ला झाली, त्यानंतर एकदाही नाही. पण थंडी पडून तळी गोठली की लोक छोट्या टूरला निघतातच, आणि वाटेत पूल आला की क्ल्युनन करावंच लागतं.